उंबरठ्यावरील निवडणूक

माझा एक पुतण्या अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विस्कॉन्सिन राज्याची राजधानी जी मॅडिसन नगरी, तेथें राहतो. बारा-तेरा वर्षें तेथें नोकरी केल्यावर गतवर्षीं त्यानें तेथील नागरिकत्व स्वीकारलें. आमच्या घरांत या गोष्टीचा बराच ऊहापोह झाला. माझ्या वृद्ध मातोश्रींनीं तर दोन दिवस त्याच्याशीं दूरध्वनीवर बोलणेंहि टाळलें, तिसऱ्या दिवशीं मात्र “जेवणाखाण्याचे हाल नाहींत ना रे तुझे?” हा नेहमींचा प्रश्न विचारून त्यांनीं तह करून टाकला.

परंतु खरी अडचण पुढेंच होती व ती माझ्या वांट्यास आली. गेल्या महिन्यांत पुतण्यानें मला लिहिलें, “काका, शाळेंत तुम्हींच आम्हांला नागरिकशास्त्र शिकविलेंत, तेव्हां ही शंका तुम्हींच सोडवा. ऑगस्टांत आमच्याकडे प्राथमिक निवडणूक आहे. ज्या पक्षास मी नोव्हेंबरांत मत देणार नाहीं, त्याच पक्षाच्या मतपत्रिकेवर आतां खूण करावी आणि त्यांचा सर्वांत दुबळा किंवा सर्वांत भडक उमेदवार पुढें आणावा, म्हणजे नोव्हेंबरांत आपल्या माणसाचा मार्ग मोकळा होईल, असें माझे मित्र म्हणतात. कायद्याची त्यास आडकाठी नाहीं. मग तसें करूं का?”

प्रश्न लहान होता, पण त्याचें उत्तर मला तत्काळ देतां येईना. चाळीस वर्षें मुलांना ‘मत हें पवित्र कर्तव्य आहे’ असें सांगत आलों. परंतु दुसऱ्याच्या घरांत शिरून दिलेलें मतहि पवित्रच म्हणावें काय, हा विचार कधीं मनांत आलाच नव्हता. पंधरा दिवस मीं त्या विषयावरील मिळेल तें वाचलें. त्यांत जें आढळलें, तें वाचकांपुढें ठेवतों. कारण आज आपल्यापैकीं अनेक कुटुंबांचीं मुलें-सुना त्या देशांत मतदार होऊन बसल्या आहेत.

ही निवडणूक आहे तरी काय?

आपल्या देशांत उमेदवार कोणीं व्हावें हें पक्षाचे पुढारी ठरवितात. दिल्लीस किंवा मुंबईस एक समिति बसते, ती ‘तिकीट’ देते, आणि मतदारानें त्या दिलेल्या नांवांतून निवड करावयाची. अमेरिकेंत ही पहिली पायरीहि मतदाराच्या हातीं आहे. मुख्य निवडणूक नोव्हेंबरांत होते. तिच्या कांहीं महिने आधीं, पक्षाचा उमेदवार कोण हें ठरविण्यासाठीं सरकारी यंत्रणेमार्फतच रीतसर मतदान होतें. यास तिकडे ‘प्रायमरी’ म्हणतात. विद्यमान सभासदासहि पुन्हां उभें राहावयाचें तर ही परीक्षा द्यावी लागते. तेथें त्याच्याच पक्षाचा प्रतिस्पर्धी त्यास आव्हान देतो, आणि त्याचेच मतदार त्यास घरीं पाठवूं शकतात.

ही निवडणूक घराच्या उंबरठ्यावर होते, असें मी म्हणतों. उंबरठ्यावर ठेवलेला दिवा आंत व बाहेर दोहोंकडे उजेड पाडतो. यास आमचे संस्कृत पंडित देहलीदीपन्याय म्हणतात. प्राथमिक निवडणुकीचें तसेंच आहे. निर्णय दिसावयास पक्षाच्या घरांतला, परंतु परिणाम साऱ्या गांवावर. शिवाय तेथील कित्येक मतदारसंघ एकाच पक्षाचे बालेकिल्ले असतात. अशा ठिकाणीं उंबरठा ओलांडणारा उमेदवार नोव्हेंबरांत निवडून आल्यासारखाच असतो. म्हणूनच टेक्साससारख्या दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांस प्राथमिक निवडणुकींतून वगळलें कीं त्यांचा मताधिकार निर्जीव होत असे. १९४४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती प्रथा घटनाबाह्य ठरविली.

यावरून तेथें दरवेळीं सभासद धडाधड पडत असतील, अशी मात्र समजूत नसावी. प्रतिनिधिगृहाचे सभासद ४३५; त्यांपैकीं २०२४ सालीं प्राथमिक निवडणुकींत पडले ते अवघे चौघे. पदावरील माणसाजवळ नांव असतें, ओळखी असतात, पैसाहि असतो. तो पडतो तेव्हां बहुधा कांहीं तरी विशेष घडलेलें असतें.

पित्यानें बांधलेलें दार

माझा पुतण्या ज्या राज्यांत राहतो, तेंच या पद्धतीचें माहेर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथें उमेदवार ठरत ते पक्षाच्या परिषदांतून; आणि त्या परिषदांच्या मागें रेल्वे कंपन्या व लांकडाचे मोठे व्यापारी उभे असत. रॉबर्ट ला फॉलेट नांवाचे एक वकील गव्हर्नरपदासाठीं १८९६ व १८९८ अशा दोन्हीं वेळां उमेदवारी मागावयास गेले आणि दोन्हीं वेळां परिषदेंत हरले. प्रतिनिधींना पैसे चारले गेले, असा त्यांचा आरोप होता. तेव्हांपासून त्यांनीं एकच ध्यास घेतला: उमेदवार निवडण्याचा अधिकार पुढाऱ्यांच्या बैठकींतून काढून सामान्य मतदाराच्या हातीं द्यावयाचा. १९०१ मध्यें ते गव्हर्नर झाले, १९०३ मध्यें कायदा आला, आणि १९०४ च्या नोव्हेंबरांत जनतेनें कौल देऊन तो कायम केला. मतदारानें आपण कोणत्या पक्षाचे हें कोणासहि न सांगतां, मतदानाच्या पडद्याआड वाटेल त्या एका पक्षाची निवड करावी, ही मोकळीकहि त्याच कायद्यांतली. माझ्या पुतण्याच्या प्रश्नाचें मूळ तें हेंच.

पुढें ला फॉलेट सीनेटचे सभासद झाले. १९२५ सालीं ते निवर्तले, तेव्हां त्यांचाच पुत्र, धाकटा रॉबर्ट, वयाच्या तिसाव्या वर्षीं त्यांच्या जागीं निवडून आला. वीस-एकवीस वर्षें त्यानें ती जागा भूषविली. १९४६ सालीं तो पुन्हां मतदारांपुढें आला. परंतु त्या उन्हाळ्यांत तो वॉशिंग्टन येथें विधिमंडळाच्या कारभाराची पुनर्रचना करणाऱ्या कायद्यांत गढून गेला होता. प्रचारास तो फारसा आलाच नाहीं. शिवाय मध्यंतरीं स्वतःचा निराळा पक्ष काढून तो नुकताच रिपब्लिकन पक्षांत परतला होता, म्हणून पक्षांतील जुन्या लोकांच्या मनांत अढी होती. आणि कामगारवर्गांतील जे मतदार पूर्वीं त्याच्या पाठीशीं असत, त्यांतील बरेच त्या दिवशीं डेमोक्रॅटिक पक्षाच्या मतपत्रिकेकडे वळले. चार लाखांहून अधिक मतें पडलीं. सुमारें पांच हजारांच्या फरकानें धाकटा ला फॉलेट हरला.

त्यास हरविणारा तरुण न्यायाधीश कोण? जोसेफ मॅकार्थी. १९५० पासून चार वर्षें ‘अमुक मनुष्य कम्युनिस्ट, तमुक देशद्रोही’ असे आरोप करून ज्यानें त्या देशांतील अधिकारी, अध्यापक व कलावंत यांची झोप उडविली, आणि ज्याचा अखेर १९५४ च्या डिसेंबरांत सीनेटनें ६७ विरुद्ध २२ मतांनीं निषेध केला, तोच हा. पित्यानें बारा वाटांनीं झगडून जें दार लोकांसाठीं उघडलें, त्याच दारांतून पुत्र बाहेर गेला व हा पुरुष आंत आला. दार बांधणाऱ्याचा हेतु उदात्त होता म्हणून दारांतून येणारा उदात्त असेलच, असें नाहीं.

एकाच दारांतून दोघे बाहेर

अलीकडील दोन उदाहरणें शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्यासारखीं आहेत.

आयोवा राज्यांतील स्टीव्ह किंग हे २००३ पासून प्रतिनिधिगृहांत होते. वंश व स्थलांतर यांविषयींच्या त्यांच्या विधानांनीं वारंवार वाद माजत. २०१९ च्या जानेवारींत, गौरवर्णीयांचें वर्चस्व सांगणारे शब्द आक्षेपार्ह कधीं झाले, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार एका वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले, आणि त्यांच्याच पक्षानें त्यांना सर्व समित्यांवरून दूर केलें. २ जून २०२० रोजीं प्राथमिक निवडणुकींत रँडी फीनस्ट्रा यांनीं त्यांना पाडलें. परंतु प्रचारांत मुख्यतः काय सांगितलें गेलें, तें ध्यानांत घ्यावें. ‘किंग यांचे विचार निंद्य आहेत’ यापेक्षां ‘किंग आतां शेतकी समितीवर नाहींत, मक्याच्या व सोयाबीनच्या या प्रदेशाचें गाऱ्हाणें तेथें कोण मांडणार?’ यावर विरोधकांचा भर होता. नीतीचा प्रश्न पोटाच्या प्रश्नाचें बोट धरून मतदाराच्या दारीं गेला. मला यांत कांहीं कमीपणा वाटत नाहीं. सामान्य गृहस्थ पुष्कळदां असाच योग्य निर्णयास पोंचतो.

दुसरें उदाहरण वायोमिंग राज्यांतील लिझ चेनी यांचें. ६ जानेवारी २०२१ रोजीं वॉशिंग्टनमधील विधिमंडळाच्या इमारतीवर जमावानें हल्ला केला. त्यानंतर अध्यक्ष ट्रम्प यांच्यावर महाभियोग भरावा या बाजूनें, त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या ज्या दहा सभासदांनीं मत दिलें, त्यांत चेनीबाई होत्या. हल्ल्याची चौकशी करणाऱ्या समितीच्या त्या उपाध्यक्षाहि झाल्या. त्यांचें म्हणणें, मीं राज्यघटनेची शपथ घेतली आहे, व्यक्तीची नव्हे. त्यांच्या मतदारांचें म्हणणें, आम्हीं तुम्हांला ज्या मतांसाठीं पाठविलें, त्यांच्याच विरुद्ध तुम्ही उभ्या राहिलां. २०२० च्या प्राथमिक निवडणुकींत ज्यांना शेंकडा ७३ मतें होतीं, त्यांना १६ ऑगस्ट २०२२ रोजीं शेंकडा २९ मतें मिळालीं, व हॅरिएट हेगमन यांना शेंकडा ६६.

त्या दहांपैकीं चौघे पुन्हां उभेच राहिले नाहींत, चौघे प्राथमिक निवडणुकींत पडले, दोघेच तरले. हे दोघे वॉशिंग्टन व कॅलिफोर्निया या राज्यांतले. तेथें सर्व पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असतात व पहिले दोघे पुढें जातात. तथापि त्याच वॉशिंग्टन राज्यांत पडलेल्या चौघांपैकीं एक बाईहि होत्या. तेव्हां पद्धति बदलली म्हणजे सर्व साधतें असेंहि नव्हे.

किंग यांना दूर करणारा मतदार आणि चेनीबाईंना दूर करणारा मतदार यांचा हक्क एकच होता. एकाच्या वेळीं ‘लोकशाहीचा विजय’ म्हणावयाचें व दुसऱ्याच्या वेळीं ‘लोकशाहीचा घात’ म्हणावयाचें, हें आपणांस सोयीचें असलें तरी सरळ नाहीं.

मुख्याध्यापकांची गोष्ट

मी शिक्षक, म्हणून जमाल बोमन यांच्या हकीकतीकडे माझें लक्ष विशेष गेलें. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागांत ते एका शाळेचे मुख्याध्यापक होते. १९८९ पासून प्रतिनिधिगृहांत असलेले एलिअट एंगल यांना त्यांनीं २०२० च्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकींत हरविलें. चार वर्षांनीं, २५ जून २०२४ रोजीं, जॉर्ज लॅटिमर यांनीं त्यांनाहि तसेंच हरविलें. मध्यंतरीं दोन वाद झाले होते. विधिमंडळाच्या कचेरींत आग नसतां त्यांनीं आगीची सूचना देणारी कळ ओढली; त्याबद्दल दंड झाला व सभागृहानें निषेधहि केला. दुसरा वाद गाझांतील युद्ध व इस्राएल यांविषयींच्या त्यांच्या मतांचा. हा दुसरा वाद अधिक महाग पडला. इस्राएलचा कैवार घेणाऱ्या एका संघटनेच्या निधींतून १ कोटि ४० लाख डॉलरांहून अधिक रक्कम या एका मतदारसंघांत ओतली गेली. प्रतिनिधिगृहाची इतकी खर्चिक प्राथमिक निवडणूक तोंपर्यंत झाली नव्हती.

ला फॉलेट यांनीं परिषदेंतील बंद खोलींतून पैशास हांकलून दिलें होतें. तो आतां जाहिरातींच्या रूपानें प्रत्येक घराच्या दिवाणखान्यांत येऊन बसला आहे.

बाहेरच्यांनीं कितीहि जोर केला तरी मतदार ऐकतोच असें मात्र नाहीं. १९३८ सालीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं आपल्याच पक्षांतील विरोधकांना प्राथमिक निवडणुकींत पाडण्याचा चंग बांधला. जॉर्जिया राज्यांतील बार्न्सव्हिल येथें, सीनेटर वॉल्टर जॉर्ज व्यासपीठावर बसले असतां त्यांच्या समक्षच अध्यक्षांनीं त्यांच्याविरुद्ध भाषण केलें. जॉर्ज यांनीं उठून हस्तांदोलन केलें आणि आव्हान स्वीकारलें. मतमोजणींत जॉर्ज पहिले आले, अध्यक्षांचा उमेदवार तिसरा. दक्षिण कॅरोलिना व मेरिलंड येथेंहि तेंच झालें. न्यूयॉर्कमधील एक सभासद तेवढे पडले.

शुद्धलेखनाची परीक्षा

उंबरठ्यावर नाकारलेला मनुष्य खिडकींतून परत आल्याचेंहि एक उदाहरण आहे, आणि तें वाचून मला मनापासून आनंद झाला. अलास्काच्या सीनेटर लिसा मर्कोव्स्की २०१० च्या प्राथमिक निवडणुकींत जो मिलर यांच्याकडून सुमारें दोन हजार मतांनीं हरल्या. तेथील कायद्याप्रमाणें मतपत्रिकेवर छापलेलें नसलेलें नांवहि मतदारास स्वहस्तें लिहितां येतें. बाईंनीं तोच मार्ग धरला. पण नांव पडलें अवघड! मग काय, मतदारांना त्या नांवाचीं अक्षरें शिकविण्याचा वर्गच राज्यभर सुरू झाला. जाहिरातींतून अक्षरें सांगितलीं गेलीं, मनगटांवर बांधावयाच्या पट्ट्यांवर नांव छापलें गेलें. बाई निवडून आल्या. प्रतिस्पर्ध्यानें अशुद्ध लिहिलेलीं मतें बाद करावींत म्हणून न्यायालयांत धाव घेतली, परंतु मतदाराचा हेतु स्पष्ट असेल तर अक्षराच्या चुकीसाठीं मत बाद करूं नये, असा निर्णय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें दिला. माझ्यासारख्या लाल शाईच्या मास्तरानेंहि या निर्णयापुढें मान लवविली.

आपल्याकडे

आपल्या पक्षांनीं हा प्रयोग कधीं केलाच नाहीं, असें नाहीं. २०१४ च्या लोकसभेच्या वेळीं काँग्रेस पक्षानें पंधरा-सोळा मतदारसंघांत उमेदवार मतदानानें ठरविले. त्यांत आपल्याकडील वर्धा व लातूर हे होते. परंतु मत देणारे होते ते पक्षाचे पदाधिकारी. सामान्य मतदार नव्हे. वर्ध्यास निवड झाली ती त्या वेळच्या खासदारांच्या चिरंजीवांची. दोन्हीं जागा पुढें त्या पक्षाच्या हातून गेल्या आणि प्रयोग तेथेंच थांबला. उंबरठा होता, पण त्यावर उभे होते घरचेच कारभारी.

उलट, आपल्याच सीमाभागांत, बेळगांव-चिकोडीकडे वाढलेले व मराठींत आत्मचरित्र लिहिलेले श्री ठाणेदार हे २०२२ सालीं डेट्रॉइटकडील मतदारसंघांतून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहांत गेले, ते याच दारानें. नऊ उमेदवारांच्या त्या प्राथमिक निवडणुकींत शेंकडा अठ्ठाविसांच्या आसपास मतें मिळवून ते पहिले आले. शंभरांतील बहात्तरांनीं इतरांस मतें दिलीं होतीं. परंतु उमेदवार पुष्कळ असले कीं एवढ्यावरहि दार उघडतें.

उत्तर

आतां पुतण्याच्या शंकेकडे येतों. त्याचे मित्र जी युक्ति सांगतात, तिचें एक ताजें उदाहरण मला सांपडलें. मिशिगन राज्यांतील पीटर मायर हे चेनीबाईंबरोबर महाभियोगाच्या बाजूनें मत देणाऱ्या दहांपैकीं एक. २०२२ सालीं प्राथमिक निवडणुकींत त्यांच्यासमोर ट्रम्प यांचा पाठिंबा असलेले जॉन गिब्स उभे होते. तेव्हां विरुद्ध डेमोक्रॅटिक पक्षाच्याच एका समितीनें चार लाखांहून अधिक डॉलर खर्चून, गिब्स यांचें नांव रिपब्लिकन मतदारांत गाजेल अशी जाहिरात केली. हेतु हा, कीं नोव्हेंबरांत गिब्स यांना हरविणें सोपें. मायर पडले. नोव्हेंबरांत गिब्सहि पडले, व डेमोक्रॅटिक उमेदवार निवडून आल्या.

म्हणजे युक्ति साधली. परंतु ज्या पक्षानें ‘महाभियोगास मत देणारे रिपब्लिकन हे धैर्याचे पुरुष’ म्हणून त्यांना शाबासकी दिली होती, त्याच पक्षाच्या पैशानें त्यांतील एकास दाराबाहेर ढकलण्यास हात लावला. उद्यां कोणी असें धैर्य दाखवूं पाहील, तो ही गोष्ट विसरेल काय?

मला माझ्या शाळेंतील एक प्रसंग आठवला. नववीच्या वर्गांत खो-खोचे दोन संघ होते, व प्रत्येक संघाचा नायक साऱ्या वर्गाच्या मतांनीं निवडीत असूं. एके वर्षीं एका संघाच्या मुलांनीं गुप्तपणें संगनमत करून दुसऱ्या संघाचा नायक म्हणून अगदीं भित्र्या मुलास निवडून दिलें. वर्गांतला सामना त्यांनीं सहज जिंकला. पुढील महिन्यांत तालुक्याच्या स्पर्धेस दोन्हीं नायकांना शाळेतर्फे जावयाचें होतें. तेथें तो मुलगा गोंधळला, शाळा हरली, आणि परतीच्या गाडींत तो खिडकीकडे तोंड करून रडत होता. संगनमत करणारे त्याच गाडींत होते. कोणी कोणाशीं बोलेना. नियम कोणीं मोडला, असें विचारलें असतें तर मीहि उत्तर देऊं शकलों नसतों.

म्हणून मीं पुतण्यास असें लिहिलें:

“चि. बाळास अनेक आशीर्वाद. कायदा तुला कोणत्याहि एका पक्षाची मतपत्रिका निवडूं देतो, तेव्हां ती निवडण्यांत पाप नाहीं. दुसऱ्या पक्षाच्या घरांतील चांगल्या माणसास आधार द्यावा असें वाटलें, तर त्या उंबरठ्यावर खुशाल जा. वायोमिंगमध्यें पुष्कळांनीं तसें केलें, जरी तें फळास आलें नाहीं. परंतु ज्याच्या नांवापुढें खूण करशील, तो उद्यां खरोखरच निवडून आला तर तुझ्या मुलाबाळांचें बरें होईल, असें तुला मनापासून वाटलें पाहिजे. जो निवडून येऊं नये अशी तुझी इच्छा आहे, त्यास मत देऊं नको. ते जिंकत नाहींत असें सर्वांना वाटत असतें, आणि कधीं कधीं ते जिंकतात. त्या वेळीं तुझें मत त्यांच्या पदरांत असेल. आणि एक. त्या दिवशीं घरीं बसूं नको. तुझ्याच राज्यांत १९४६ सालीं पांच हजार मतांनीं काय झालें, तें तेथील ग्रंथालयांत जाऊन वाच.”

पत्र पोंचल्यावर त्याचा दूरध्वनि आला. सर्व ऐकून घेऊन “बरें, काका,” एवढेंच म्हणाला. मग मातोश्रींनीं यंत्र आपल्या हातीं घेतलें व विचारलें, “मत द्यायला उन्हांत रांगेंत फार वेळ उभें राहावें लागतें का रे तिकडे?”

तो हंसून म्हणाला, “नाहीं, आजी. या निवडणुकीला पांचांतला एखादाच येतो. रांग कसली असणार?”

दूरध्वनि ठेवून मातोश्री क्षणभर स्वस्थ बसल्या. मग मला म्हणाल्या, “मग ह्यानें जायलाच हवें.”